पंचवीस ग्रे

प्लेटलेटची पिशवी पहिल्यांदा बघणाऱ्याला हे रक्त वाटतच नाही. लाल रंगाचा मागमूस नसतो. आत असतं फिकट पिवळं, किंचित गढूळ पाणी. रक्तपेढीतला तंत्रज्ञ ती ट्यूबलाइटसमोर धरतो आणि अंगठ्याने हलकेच दाबून सोडतो. आतलं पाणी हलताना त्यात चमकती वलयं फिरली, की तो समाधानाने पिशवी खाली ठेवतो. तंदुरुस्त प्लेटलेटचा आकार चपट्या चकतीचा असतो आणि अशा असंख्य चकत्या एकदम कलल्या की उजेड परततो. प्लेटलेटची तब्येत बिघडली की ती गोल होते आणि चमक जाते. एकही यंत्र न लावता होणारी ही परीक्षा आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत चालते.

ती चमक टिकवायची तर प्लेटलेटचे बरेच लाड करावे लागतात. लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभराहून जास्त राहतात. प्लेटलेटना थंडी सोसत नाही. गार केलेल्या प्लेटलेट रुग्णाला दिल्या तर शरीर त्या भराभर उचलून टाकतं. म्हणून त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात, आणि तेही बहुतेक ठिकाणी फक्त ५ दिवस. आणि एवढ्या नाजूक मालावर, काही रुग्णांसाठी, चढवण्याआधी मुद्दाम २५ ग्रे इतक्या गॅमा किंवा क्ष-किरणांचा मारा करतात. ग्रे हे किरणांनी पदार्थात सोडलेली ऊर्जा मोजण्याचं एकक. माणसाच्या सगळ्या शरीराला एकदम ४ ते ५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. पिशवीला त्याच्या पाचपट मात्रा मिळते, आणि बाहेर काढून ती पुन्हा उजेडात धरली तर वलयं जशीच्या तशी फिरत असतात.

मारा प्लेटलेटवर होतो, पण तो प्लेटलेटसाठी नसतो. पिशवीत त्यांच्यासोबत आलेल्या दुसऱ्याच पेशींचा बंदोबस्त करायचा असतो.

दात्याच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढताना थोड्याफार पांढऱ्या पेशी सोबत येतातच. साध्या रक्तदानाच्या पिशवीतून सेंट्रिफ्यूजवर फिरवून काढलेल्या प्लेटलेट, ज्यांना आपल्याकडे सगळे आरडीपी म्हणतात, त्यांत या पेशी कोट्यवधी असू शकतात. एकाच दात्याला यंत्राला जोडून काढलेल्या एसडीपीत त्या खूप कमी असतात, फिल्टर लावला तर आणखी कमी. पण शून्य कधीच नसतात. त्यांतल्या टी लिम्फोसाइट या पेशींचं कामच मुळी परकं ओळखणं, स्वतःच्या प्रती काढून फौज उभारणं आणि हल्ला करणं हे आहे. दात्याच्या शरीरात असताना त्या दात्याचं रक्षण करत होत्या. पिशवीतून त्या रुग्णाच्या शरीरात जातात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने परका असतो तो रुग्ण.

एरवी याचं काही बिघडत नाही. रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती या मूठभर घुसखोरांना काही दिवसांत संपवते. ते जमलं नाही तर काय होतं, याचा नकाशा रूपर्ट बिलिंगहॅम या शास्त्रज्ञाने १९६६ साली अवयव आणि पेशींच्या रोपणाच्या संदर्भात मांडला. त्याने तीन अटी सांगितल्या: आलेल्या पेशी लढण्याच्या लायकीच्या हव्यात, यजमानाच्या शरीरावर त्यांना परकं वाटेल असं काहीतरी हवं, आणि यजमानाला त्यांना हाकलता येऊ नये. तिन्ही अटी जुळल्या की पाहुणा घरमालकावर उलटतो. या रोगाला डॉक्टर ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ म्हणतात. तो बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर होतो तसाच रक्त चढवल्यानंतरही होऊ शकतो, आणि हा दुसरा प्रकार कितीतरी जास्त घातक आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्यारोपणात रुग्णाचा बोन मॅरो म्हणजे हाडांमधला रक्त तयार करणारा कारखाना दात्याचाच असतो. दात्याच्या टी पेशी त्वचा, यकृत, आतडी यांच्यावर तुटून पडतात, पण त्या कारखान्याला आपला समजून सोडतात. रक्त चढवल्यानंतरच्या प्रकारात मॅरो रुग्णाचा स्वतःचा असतो, म्हणजे तोही शत्रूच. साधारण आठवडा-दहा दिवसांत ताप येतो, अंगभर लाल पुरळ उठतं, जुलाब सुरू होतात, यकृताच्या तपासण्या बिघडतात, आणि मग सगळ्याच रक्तपेशी घसरू लागतात. आधीच आजारी असलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली की औषधाची अॅलर्जी, जंतुसंसर्ग, मूळ रोग उलटला, अशी दहा कारणं समोर येतात. बऱ्याचदा खरं निदान होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. भरवशाचा उपचार नाही. जे काही करायचं ते पिशवी चढवण्याआधीच.

या रोगाचं सर्वांत बोलकं प्रकरण जपानचं आहे. १९५५ साली तिथल्या शिमोदा नावाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर अंग लालभडक होण्याचा एक विचित्र प्रकार नोंदवला. त्याचं कारण कुणाला कळलं नाही आणि तो ‘शस्त्रक्रियेनंतरचा लाल-त्वचा रोग’ या वर्णनात्मक नावाने वावरत राहिला. पुढे हृदयशस्त्रक्रिया वाढल्या तसा तो जास्त दिसू लागला. ही माणसं काही प्रतिकारशक्ती हरवलेली नव्हती. झडप बदललेली किंवा बायपास केलेली, एरवी धडधाकट माणसं. ऑपरेशन चांगलं व्हायचं, माणूस सावरायला लागायचा, आणि दहाएक दिवसांनी ताप आणि लाली. १९८०च्या दशकात जपानी डॉक्टरांनी देशभरच्या हृदयशस्त्रक्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ६६० रुग्णांमागे एकाला हा रोग झाल्याचं दिसलं. १९८९ साली ही हकिगत अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली आणि सगळ्या जगाच्या रक्तपेढ्यांनी कान टवकारले.

जपानमध्येच एवढं का? दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, शस्त्रक्रियेला ताजं रक्त वापरायची पद्धत, आणि ते बऱ्याचदा नातेवाइकांचं. दुसरी, जपानी लोकसंख्येत एचएलए प्रकारांचं वैविध्य कमी असणं.

एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची ओळखीची खूण. तिचा एक संच आपल्याला आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. समजा रुग्णाकडे ‘क’ आणि ‘ख’ असे दोन संच आहेत. दात्याकडे योगायोगाने दोन्ही संच ‘क’च आहेत. आता दात्याची टी पेशी रुग्णाच्या शरीरात गेली. रुग्णाची प्रतिकारशक्ती तिच्याकडे बघते, तिला फक्त ‘क’ दिसतो, आणि तो तर तिचा स्वतःचाच. ती सोडून देते. दात्याची पेशी मात्र रुग्णाकडे बघते तेव्हा तिला ‘ख’ दिसतो, जो तिने आयुष्यात पाहिलेला नाही. ती हल्ला करते. ओळख एकाच बाजूने पटते, म्हणून हाकलणं होत नाही आणि हल्ला होतो. बिलिंगहॅमच्या तिन्ही अटी पूर्ण, आणि त्याही रुग्णाची प्रतिकारशक्ती ठणठणीत असताना. अनोळखी माणसांत असं जुळणं विरळा. एकाच घरातल्या माणसांत ते विरळा राहत नाही.

दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलेली मंडळी याच्या नेमकं उलट मानतात. ‘कुणाचंतरी कशाला, घरचंच रक्त देऊ’, हा आग्रह प्रत्येक रक्तपेढीवाल्याने ऐकलेला असतो. त्यामागची माया खरी आहे, पण विज्ञान तिच्या बाजूने नाही. दोन्ही संच ‘क’ असलेला बाप घ्या. त्याच्या प्रत्येक मुलाला त्याच्याकडून ‘क’च मिळणार. मुलाला आईकडून दुसरा कुठलाही संच मिळाला असेल, तर बापाचं रक्त मुलाला देताना ती एकतर्फी ओळख हमखास ठरलेली आहे. आणि दोन्ही संच सारखे असलेली माणसं नात्यातल्या लग्नांमध्ये जास्त जन्मतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या पोटी आलेल्या मुलाला एकाच आजोबा-आजीकडचा एकच संच दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता सोळात एक असते. म्हणून रक्तातल्या नात्याचा दाता असला, की पिशवीवर किरण मारल्याशिवाय ती चढवायची नाही, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मग रुग्ण कितीही धडधाकट असो.

इथे प्लेटलेटचा एक खास पेच आहे. आपल्याकडे ‘बदली’ रक्तदान करणाऱ्या नातेवाइकाची लाल पिशवी बहुधा सामायिक साठ्यात जाते आणि दुसऱ्याच कुणाला दिली जाते. एसडीपीचं तसं नाही. डेंग्यूच्या दिवसांत किंवा केमोथेरपी चालू असताना ‘एसडीपी डोनर हवा, ताबडतोब’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो, आधी भाऊ, चुलतभाऊ, भाचा पुढे येतात, आणि त्या भाच्याची पिशवी थेट त्या मामालाच चढते. डेंग्यूच्या रुग्णाला एरवी किरण मारलेल्या प्लेटलेटची गरज नसते. दाता सख्खा नातेवाईक असेल तर ती निर्माण होते, आणि फॉर्मवर ‘नातं’ हा रकाना कुणीतरी गंभीरपणे वाचला तरच ते लक्षात येतं. ज्याचं पुढे बोन मॅरो प्रत्यारोपण व्हायचं आहे, त्याला तर संभाव्य दात्याचं आणि इतर सख्ख्यांचं रक्त प्रत्यारोपणाआधी देऊच नये. शरीर त्या खुणा लक्षात ठेवतं आणि नंतर रोपण नाकारू शकतं.

दुसरा पेच ताजेपणाचा. लाल पेशींच्या पिशवीत फ्रिजमध्ये दिवस जातात तसे लिम्फोसाइट मरत जातात. दोन आठवड्यांहून जुन्या पिशवीमुळे हा रोग झाल्याची उदाहरणं फारच थोडी आहेत. प्लेटलेटची पिशवी मात्र उबदार खोलीत पाचच दिवस जगते. म्हणजे ती कायमच ताजी, आणि तिच्यातल्या टी पेशी कायमच जिवंत. उलट गोठवलेल्या प्लाझ्माला किरणांची गरज नाही असं मानतात, कारण गोठण्या-वितळण्यात या पेशी कामाच्या राहत नाहीत.

आता मूळ कोड्याकडे वळू. जी मात्रा टी पेशीला निकामी करते, ती प्लेटलेटला का करत नाही? २५ ग्रे म्हणजे प्रत्येक किलोमागे २५ ज्यूल ऊर्जा. आकडा ऐकायला मोठा, पण एवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम ०.००६ अंशाने तापतं. तेव्हा भाजण्या-शिजण्याचा प्रश्नच नाही. किरणांची करामत ऊर्जेच्या प्रमाणात नसते, ती कुठे पडते त्यात असते. पेशीच्या केंद्रकात डीएनएची दुहेरी दोरी असते. गॅमा किरण तिच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी तोडतो तेव्हा ती दुरुस्त करणं पेशीला अवघड जातं, आणि २५ ग्रेमध्ये असे शेकडो तुकडे एकेका पेशीत पडतात. ती पेशी लगेच मरत नाही. काही दिवस ती जिवंत असते, पोसलीही जाते, पण दुभंगायची वेळ आली की अडकते. आणि टी पेशीचं सगळं बळ दुभंगण्यात आहे. एकीच्या हजार झाल्या नाहीत तर ती कुणाचं काही वाकडं करू शकत नाही.

प्लेटलेटला केंद्रकच नसतं. ती मुळात पूर्ण पेशीही नव्हे. बोन मॅरोतल्या मेगाकॅरिओसाइट या महाकाय पेशीपासून सुटलेला तुकडा आहे. तिला दुभंगायचं नाही, वाढायचं नाही. शरीरात आठ-दहा दिवस फिरायचं, भोक दिसलं की तिथे चिकटायचं आणि संपायचं, एवढंच काम. ते काम करण्याची सगळी सामग्री तिच्यात आधीच भरलेली असते. डीएनए तोडणाऱ्या शस्त्राला तिच्यात तोडण्याजोगं फारसं काही सापडत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावचा कांदा हेच सांगतो. तिथे २००२पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला ६० ते ९० ग्रेच्या आसपास मात्रा देतात. कांदा तसाच राहतो, चवीला तसाच लागतो. फक्त त्याच्या कोंबातल्या दुभंगणाऱ्या पेशी थांबतात आणि त्याला मोड येत नाहीत. आणि जसा तो कांदा किरणोत्सारी होत नाही, तशी पिशवीही होत नाही. ‘इरॅडिएटेड’ असं लेबल बघून घाबरणारे नातेवाईक असतात. आपण एक्स-रे काढून घरी येतो तेव्हा जेवढे किरणोत्सारी झालेलो असतो, तेवढीच ती पिशवी असते, म्हणजे मुळीच नाही.

तरीही ‘काहीच परिणाम होत नाही’ असं म्हणणं जरा घाईचं ठरेल. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसलं तरी ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, बाहेर नाजूक पडदा असतो, आणि किरण पाण्यातून जाताना तयार होणारे अतिक्रियाशील रेणू त्यांना धक्का लावू शकतात. म्हणून १९८०च्या दशकापासून प्रयोगशाळांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा तपासला: किरणांनंतर पिशवीतली आम्लता बदलते का, प्लेटलेट गोल होतात का, एकमेकींना चिकटायची ताकद घटते का, शरीरात सोडल्यावर किती टिकतात. २५ ग्रेच्या, अगदी ५० ग्रेपर्यंतच्या, मात्रेत उपचाराला अडथळा येईल असा फरक बहुतेक अभ्यासांना सापडला नाही. म्हणूनच ब्रिटनसारख्या देशांत प्लेटलेटवर साठवणीच्या कुठल्याही दिवशी किरण मारता येतात आणि त्यांची मुदत कमी करावी लागत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही लपवण्यासारखा नाही. अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णांवर झालेल्या ‘ट्रॅप’ या मोठ्या चाचणीतल्या हजारो प्लेटलेट पिशव्यांचा हिशोब २००५ साली पुन्हा तपासला गेला. पिशवी चढवल्यावर रुग्णाचा काउंट किती वाढतो, यावर कशाकशाचा परिणाम होतो, हे त्यात पाहिलं होतं. रक्तगट जुळणं, पिशवी ४८ तासांच्या आतली असणं, मात्रा मोठी असणं, या गोष्टी काउंट वाढवणाऱ्या निघाल्या. गॅमा किरणांचा मारा काउंट काहीसा कमी करणाऱ्यांच्या यादीत होता. म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळीत जो फरक दिसत नाही, तो तापाने फणफणलेल्या, प्लीहा वाढलेल्या, अनेक औषधं चालू असलेल्या माणसात थोडासा दिसतो. मला वाटतं, याचा अर्थ एवढाच घ्यावा: किरण फुकट मिळत नाहीत, पण त्यांची किंमत किरकोळ आहे, आणि ज्या रोगाला ते रोखतात त्यात जवळजवळ सगळे मरतात. गरज असलेल्याला ते चुकवू नयेत आणि गरज नसलेल्याला सरसकट लावू नयेत.

लाल पेशींशी तुलना केली की ही किंमत किती किरकोळ, ते उमगतं. लाल पेशीलाही केंद्रक नाही, पण किरणांनी तिचा पडदा गळका होतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. मोठ्या माणसाला ते सहसा बाधत नाही. नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल, तर तेच पोटॅशियम त्याचं हृदय थांबवू शकतं. म्हणून तिथे किरण मारल्यापासून २४ तासांच्या आत पिशवी वापरतात, आणि एरवीही किरण मारलेल्या लाल पिशवीची मुदत कापतात. प्लेटलेटच्या पिशवीत लाल पेशी जवळपास नसतातच, त्यामुळे हा घोर नाही.

पंचवीस हाच आकडा का? आधी बऱ्याच ठिकाणी १५ ग्रे पुरेसे मानत. मग १९९०च्या दशकात टी पेशी मोजण्याची जास्त काटेकोर पद्धत वापरून पाहिलं, तेव्हा १५ ग्रेनंतरही काही पेशी दुभंगू शकतात असं दिसलं; २५ला त्यांची वाढ थांबली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ साली पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे आणि कुठल्याही कोपऱ्यात किमान १५ ग्रे अशी शिफारस केली. ब्रिटनने आणखी कडक होऊन कुठल्याही भागाला २५पेक्षा कमी नको आणि ५०पेक्षा जास्त नको असं ठरवलं.

या मात्रेकडून लोक भलत्याच अपेक्षा ठेवतात. २५ ग्रे जंतू मारत नाहीत. सुया, टाके, हातमोजे निर्जंतुक करायला तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, ‘आयसोमेड’ प्रकल्पात १९७४पासून किरण वापरतात, आणि तिथली नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते, म्हणजे बरोबर हजारपट. तेवढी प्लेटलेटला दिली तर प्लेटलेट उरणार नाहीत. किरणांनी पांढऱ्या पेशी नाहीशाही होत नाहीत, फक्त वांझ होतात. त्यामुळे त्यांच्यातून येणारा सायटोमेगॅलो विषाणू, त्यांनी पिशवीत सोडलेल्या रसायनांमुळे भरणारी थंडी, त्यांच्या खुणांविरुद्ध रुग्णात तयार होणारी प्रतिपिंडं, यांतलं काहीच किरण थांबवत नाहीत. ती कामं फिल्टरची. ‘ट्रॅप’ चाचणीचा मुख्य निष्कर्ष १९९७ साली आला तो हाच होता: साध्या प्लेटलेट मिळालेल्या ४५ टक्के रुग्णांत प्रतिपिंडं तयार झाली, फिल्टर केलेल्या किंवा अतिनील-बी किरण दिलेल्या प्लेटलेट मिळालेल्यांत हे प्रमाण १७ ते २१ टक्के राहिलं. आणि उलटही खरं आहे: फिल्टर किरणांचं काम करत नाही. काही लाख टी पेशी उरल्या तरी एकतर्फी ओळखीच्या रुग्णाला पुरेशा असतात. डॉक्टरने चिठ्ठीवर ‘ल्युकोडिप्लिटेड’, म्हणजे फिल्टर केलेलं, असं लिहिलं की ‘इरॅडिएटेड’ही आलंच, हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही.

ही गरज नेमकी कुणाला, याची यादी अनुभवातून तयार झाली आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली बाळं, पोटातल्या गर्भाला दिलं जाणारं रक्त, बोन मॅरो प्रत्यारोपणाचे रुग्ण, हॉजकिन लिम्फोमा, आणि फ्लुडाराबिनसारखी टी पेशी साफ करणारी औषधं घेणारे. एचएलए जुळवून निवडलेल्या प्लेटलेटही या यादीत येतात, कारण जुळवणूक जितकी चांगली तितकी एकतर्फी ओळखीची शक्यता मोठी. गंमत म्हणजे एड्सचे रुग्ण या यादीत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती एवढी ढासळलेली असूनही त्यांच्यात हा रोग जवळपास दिसलेला नाही. यादी शहाणपणाची आहे, पण अपुरीही आहे. २०१५ साली जगभरातून नोंदलेल्या ३४८ रुग्णांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे रुग्ण कुठल्याही नेहमीच्या निकषात बसत नव्हते. जपानने यादीच्या फंदात न पडता जवळजवळ सगळ्याच रक्तघटकांवर किरण मारायला सुरुवात केली, आणि २०००नंतर तिथे हा रोग सिद्ध झाल्याची नोंद नाही.

सगळ्यांना किरण मारायचे तर यंत्रं हवीत. शिशाच्या जाड भिंतींची ही पेटी आत कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ बाळगून असते. पिशव्या एका डब्यात बसतात, डबा किरणांसमोर फिरतो, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखी मात्रा मिळते. कोबाल्टचं अर्धं आयुष्य सव्वापाच वर्षांचं. त्याची ताकद दर महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरते, म्हणून घड्याळ वेळोवेळी वाढवून लावावं लागतं. सिझियमला अर्धं व्हायला ३० वर्षं लागतात. पिशवीला खरंच किरण लागले का, हे ओळखायला तिच्यावर एक छोटं लेबल चिकटवतात. आधी त्यावर ‘नॉट इरॅडिएटेड’ असं वाचता येतं. मात्रा मिळाली की ‘नॉट’वरची खिडकी काळी पडते आणि उरतं फक्त ‘इरॅडिएटेड’. आपल्याकडे कोबाल्टचं ‘ब्लड इरॅडिएटर’ अणुऊर्जा विभागाच्या वाशीतल्या ‘ब्रिट’ या संस्थेने देशातच तयार केलं.

सिझियमची डोकेदुखी वेगळी आहे. जुन्या परदेशी यंत्रांत ते क्लोराइडच्या भुकटीच्या रूपात असायचं, आणि ती भुकटी पाण्यात विरघळते, वाऱ्यावर पसरते. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली सोडून दिलेल्या उपचारयंत्रातल्या अशाच भुकटीने चार जीव घेतले. २०१९ साली सिअॅटलमध्ये जुनं इरॅडिएटर हलवताना सिझियम सांडलं आणि १३ जणांना ते लागलं. सुदैवाने मात्रा किरकोळ होती. अशा धोक्यांमुळे अमेरिकेने रुग्णालयांतली सिझियमची यंत्रं क्ष-किरण यंत्रांनी बदलायचा सपाटा लावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने वेगळी वाट धरली: वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया केल्यावर उरणाऱ्या कचऱ्यातून सिझियम वेगळं काढायचं आणि ते काचेत वितळवून त्याच्या कांड्या करायच्या. काच विरघळत नाही, उडत नाही. ज्या कचऱ्याला एरवी शेकडो वर्षं पुरून ठेवावं लागलं असतं, त्याचा एक भाग ट्रॉम्बेहून रक्तपेढ्यांच्या यंत्रांत जातो.

या यंत्रांना आता प्रतिस्पर्धी आला आहे. अमोटोसॅलेन हे रसायन प्लेटलेटच्या पिशवीत मिसळून तिच्यावर अतिनील-ए प्रकाश टाकला, की ते डीएनए आणि आरएनएला जखडून टाकतं. तत्त्व तेच: प्लेटलेटला केंद्रक नाही, तेव्हा तिचं फारसं बिघडत नाही, टी पेशी दुभंगू शकत नाही, आणि किरणांना जे जमत नव्हतं तेही होतं, म्हणजे बहुतेक जिवाणू आणि अनेक विषाणूही निकामी होतात. युरोपात ही पद्धत २००२पासून आहे, अमेरिकेने २०१४च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अशा पिशवीला वेगळे गॅमा किरण लागत नाहीत. काउंट थोडा कमी वाढतो ही कुरकुर तिच्याबाबतही आहे, आणि तिचा खर्च आपल्या बहुतेक रक्तपेढ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय ही पद्धत प्लेटलेट आणि प्लाझ्मापुरतीच रुळली आहे. लाल पेशींचा दाट रंग प्रकाश आत शिरू देत नाही, म्हणून तिथे अजून शिशाच्या पेटीशिवाय भागत नाही.